हॉलमधलं भांड्यांचं मशीन

आमच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस सोफ्यावर टेकतो, पाणी पितो, टीव्हीच्या शेजारी नजर टाकतो आणि म्हणतो, "फ्रिज लहानच घेतलात." मी काही सांगायच्या आत आई म्हणते, "फ्रिज नाही तो. हात नका लावू, चालू आहे."

फ्रिज नाही हे खरं आहे. ते भांडी धुण्याचं मशीन आहे आणि ते स्वयंपाकघरात, सिंकच्या शेजारी असायला हवं होतं. ते हॉलमध्ये कसं आलं आणि तिथेच का राहिलं, हे पाहुण्यांना सांगत बसलं तर चहा गार होतो, म्हणून इथे लिहिते.

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. पदवीचा घरात नेमका उपयोग काय हे सुरुवातीला कोणालाच कळलं नाही, पण हळूहळू ते आपोआप ठरलं. घरात कुठलीही नवी वस्तू आली की तिच्याबरोबरचं पुस्तक मी वाचायचं. मिक्सर, कुकर, मामाचं बीपी मोजायचं यंत्र, सगळ्यांची पुस्तकं मी पहिल्या पानापासून वाचली आहेत, आणि 'लहान मुलांपासून दूर ठेवा' हे मामाला मोठ्याने वाचूनही दाखवलं आहे.

माझी फी आली ती अंबरनाथच्या एका कंपनीच्या पॅकिंग खात्यातून. आई तिथे खोकी भरायची. राहायचो उल्हासनगरला, एका खोलीत. हे सगळं मी विसरत नाही. आई कधी आठवण करून देत नाही, त्यामुळे ते लक्षात ठेवायचं काम माझ्यावरच पडलं आहे.

कंपनी सुटल्यानंतरही आई त्याच खोलीत एकटी राहत होती. गेल्या वर्षी अंबरनाथच्या शिवमंदिरात दर्शनाला गेली असताना ओल्या पायरीवरून घसरली आणि उजवं मनगट मोडलं. मी तिला बदलापूरला, खरवईतल्या आमच्या फ्लॅटवर घेऊन आले. प्लास्टर होतं तोवर ती निमूट राहिली. प्लास्टर निघाल्यावर खरी अडचण सुरू झाली.

आमच्याकडे आईने लेकीच्या घरी राहायचं नसतं. माझी आजी आमच्याकडे यायची तेव्हा भाकरी फडक्यात बांधून आणायची आणि पाणीसुद्धा शेजारणीकडचं प्यायची. शेजारीण काही तिची मुलगी नव्हती, त्यामुळे तिचं पाणी चालायचं. आई एवढी कडक नाही. ती जेवते, चहा पिते, दुसऱ्यांदाही मागते. पण जावयाच्या घरी बसून खायचं नाही, हे तिचं पक्कं. प्लास्टर निघालं त्याच आठवड्यात, मी ऑफिसात असताना, तिने आमच्या भांडीवाल्या बाईंना "आता येऊ नकोस" असं सांगून टाकलं आणि वाईट वाटू नये म्हणून वर माझी एक साडी देऊन टाकली. तेव्हापासून भांडी आईची झाली.

डॉक्टरांनी तर स्पष्ट सांगितलं होतं, मनगटाला पीळ द्यायचा नाही, कढई-कुकर घासायचा नाही. आई बाहेर आल्यावर म्हणाली, "डॉक्टरांकडे बाई असेल." संध्याकाळी मी घरी यायच्या आत सगळी भांडी लख्ख असायची, आणि आई उजवा हात पदराखाली ठेवून माझ्याशी बोलायची.

मी बाईंना परत बोलावू म्हटलं तर ती उल्हासनगरला जायला निघाली. काहीच केलं नाही तर मनगट जाणार होतं. म्हणून मी मशीन घ्यायचं ठरवलं. उल्हासनगरच्या कॅम्पातल्या एका दुकानात गेले. सिंधी शेठने विचारलं, "मॅडम, सिंक के बाजू में जगह तो है ना?" मी म्हटलं, "है." मी जागा मोजली नव्हती. पदवीचा असाही एक उपयोग असतो, माणूस ठामपणे हो म्हणतो.

मशीन घरी आलं आणि जागा नाही हे कळलं. सिंक खिडकीच्या कोपऱ्यात. त्याच्या खाली पाण्याचं पिंप, ते हलवता येत नाही, कारण आमच्याकडे पाणी त्याच्या मर्जीने येतं. पिंपाच्या शेजारी सिलिंडर. समोरच्या बाजूला ठेवावं तर मशीनचं दार पुढे खाली उघडतं, आणि ते उघडलं की स्वयंपाकघरात असलेला माणूस आतच राहिला असता. नवरा टेप घेऊन घरभर फिरला. शेवटी हॉलच्या भिंतीवर टकटक करून म्हणाला, "इथे. पलीकडे बाथरूम आहे. नळ तिकडे, जाळी तिकडे, गिझरची लाइन तिकडे. एक भोक पाडलं की झालं."

आई स्वयंपाकघराच्या दारातून हे ऐकत होती. नवरा हॉलमध्ये असला की ती हॉलमध्ये येत नसे, आणि त्याच्याशी बोलायचं असलं तर माझ्यामार्फत बोले, तो दोन हातांवर असला तरी. ती मला म्हणाली, "आता मी भांडी नाही घासायची?"

"नाही. हे घासणार."

"मग मी काय करायचं?"

"बसायचं. हे माझंही घर आहे, आई. दारावर माझं नाव आहे."

"नाव आहे गं," ती म्हणाली, आणि आत जाऊन तिची निळी रेक्झिनची बॅग काढली.

दुसऱ्या दिवशी बेलवलीहून आमचे नेहमीचे दादा आले. ते नळाचं आणि लाइटचं, दोन्ही कामं करतात. आधीच्या माणसाच्या कामाला नावं ठेवल्याशिवाय त्यांना सुरुवात करता येत नाही. बाथरूममध्ये जाऊन वर बघत म्हणाले, "ही गिझरची वायर कोणी ओढली? कुठून शिकून येतात ही माणसं."

"दादा, तुम्हीच ओढली. गिझर बसवलात तेव्हा."

त्यांनी वायरकडे परत एकदा पाहिलं. "हां. तेव्हाच्या मानाने चांगली आहे."

भिंतीला भोक पडलं. त्यातून एक पाण्याचा पाइप, एक घाण पाण्याचा पाइप आणि एक वायर पलीकडे गेली. मग दादांच्या लक्षात आलं की पुढचं सामान त्यांनी आणलेलं नाही. बाथरूममध्ये नळ एकच, त्यावर कपड्यांचं मशीन. त्याला दोन तोंडांचा नळ हवा. घाण पाण्याचा पाइप कायमचा जोडायला जॉइंट हवा. आणि मेन बोर्डापासून वेगळी जाड वायर हवी.

"आज टेंपरवारी करून देतो," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी येऊन पक्कं करतो. तोवर तीन गोष्टी सांभाळा. एक, कपड्यांच्या मशीनचा पाइप काढून तिथे हा लावायचा, घट्ट. दोन, हा घाण पाण्याचा पाइप आधी वर न्यायचा, मग खाली जाळीत सोडायचा. जमिनीवर लोळत ठेवला तर मशीन एकीकडून पाणी भरणार आणि दुसरीकडून ते निघून जाणार. भरतच बसेल बिचारं. आणि तीन, हे चालू असताना गिझर लावायचा नाही. आत्ता दोघं एकाच लाइनवर आहेत. दोघांनी एकदम पाणी तापवायला घेतलं की बोर्डावरचा खटका खाली."

मी मान डोलावली. पुस्तकातही हेच होतं, फक्त चित्रांसकट.

आईने दारातूनच मला विचारलं, "बाथरूमच्या नळाचं पाणी भांड्यांना?"

"आई, गच्चीवर टाकी एकच आहे. तेच पाणी सिंकला येतं."

"येत असेल. पण कुठल्या वाटेने येतं ते बघायला नको?"

मी टाकीचं चित्र काढायला पेन शोधत होते, तोवर दादा म्हणाले, "मावशी, मशीन ते कडकडीत तापवून घेतं."

"मग ठीक आहे," आई म्हणाली. माझी टाकी वाया गेली.

सोमवारी सकाळी आई निघणार होती. बॅग दाराशी, अंगावर जायची साडी. मी ठरवलं, निदान जायच्या आधी तिला मशीन चालताना दाखवावं. भांडी लावली, पाइप बदलला, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे बटण दाबलं. नवरा आंघोळीला गेला आणि सवयीने त्याने गिझर लावला. थोड्या वेळाने बोर्डाकडून टक् असा आवाज आला आणि मशीन मुकं झालं.

आतून नवरा म्हणाला, "पाणी गार येतंय."

"गिझर बंद पडलाय."

"वरून नाही. बाजूने येतंय."

मी जोडलेला पाइप सैल होता. त्यातून बारीक फवारा उडत होता आणि बाथरूम लहान असल्यामुळे तो चुकवायला नवऱ्याला जागा नव्हती.

आई म्हणाली, "त्यांना म्हणावं, बाहेर या."

नवरा टॉवेल गुंडाळून, कानाला फेस घेऊन बाहेर आला. आईने डोक्यावरून पदर घेतला, भिंतीकडे तोंड करून त्याला जाऊ दिलं आणि मग आत गेली. डाव्या हाताने पाइप आवळला. लोळत पडलेला घाण पाण्याचा पाइप उचलून टॉवेलच्या दांडीवरून घेतला आणि जुन्या साडीच्या काठाने तिथे बांधून टाकला. गिझर बंद केला, बाहेर येऊन खटका वर केला.

"लाव आता."

मी बटण दाबलं. मशीन घुर्र करून सुरू झालं. आई थोडा वेळ कान देऊन ऐकत राहिली.

"ह्याला ऑपरेटर लागतो," ती म्हणाली. "तुम्ही दोघं हेल्पर म्हणूनसुद्धा चालणार नाही."

हे समजायला आईची कंपनी माहीत पाहिजे. तिथे बायका सगळ्या हेल्पर. मशीनवर ऑपरेटर, तो पुरुष. त्याला स्टूल असायचं. तो चहाला गेला की मशीन बंद, आणि खोक्यांसमोर बायका हात बांधून उभ्या. कुठलं बटण कशाचं हे त्यांतल्या प्रत्येकीला पाठ होतं, पण हात लावायचा नाही असा नियम होता. आई घरी येऊन ऑपरेटरच्या चुका सांगायची. इतर मुलांना झोपताना गोष्टी ऐकायला मिळायच्या, मला बेल्ट कसा लावायला हवा होता ते ऐकायला मिळायचं.

मी संधी साधून म्हटलं, "मग थांब ना तू."

"थांबते. रविवारपर्यंत. तो माणूस येऊन पक्कं करून गेला की ते आपोआपच चालेल. मग माझं काय काम?"

बॅग दाराशीच राहिली, पण तिने तिचं लाकडी स्टूल स्वयंपाकघरातून उचललं आणि हॉलमध्ये, मशीनच्या बाजूला आणून ठेवलं.

तो आठवडा आमच्या घरात काही वेगळाच गेला. मशीन दुपारी चालवता आलं असतं, घरात कोणी नसतं, गिझरचा प्रश्न नसतो. आईने ते रोज सकाळी, बरोब्बर आंघोळीच्या वेळी चालवलं. दुपारी चालवलं तर घरात ऑपरेटर आहे हे कोणाला कळणार? आणि बुधवारी, लग्नानंतर इतक्या वर्षांनी, माझी आई माझ्या नवऱ्याशी पहिल्यांदा थेट बोलली. तो खांद्यावर टॉवेल टाकून बाथरूमकडे चालला होता.

"थांबा जरा," ती म्हणाली. "गरम धुणं चाललंय."

तो जागच्या जागी थांबला. "किती वेळ लागेल?"

"झालं की सांगते. बसा."

तो एका कंपनीत सुपरवायझर आहे. तिथे लोक त्याला विचारून चहाला जातात. इथे तो सोफ्याच्या कडेला टॉवेल घेऊन बसला, आणि आई स्टुलावर. मध्ये मशीन. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून त्याने विचारलं, आईच्या कंपनीत कुठलं मशीन होतं. मी डबे भरून बाहेर आले तेव्हा आई त्याला बेल्टचं सांगत होती. मशीन सिंकजवळ बसलं असतं तर आईचं स्टूलही तिथेच, सिलिंडरजवळ राहिलं असतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं.

रविवार जवळ यायला लागला. बदलापुरात प्लंबर यावा म्हणून लोक हातापाया पडतात. मी तो येऊ नये म्हणून प्रयत्न करत होते, आणि हा एवढा एकच माणूस स्वतःहून फोन करत होता.

"ताई, सामान घेतलंय. आजच येऊ का?"

"आज नको दादा, पाहुणे आहेत."

"मग उद्या."

"उद्या अमावस्या आहे."

"नळाला काय अमावस्या, ताई. ते टेंपरवारी काम मला झोपू देत नाही. आणि ते हॉलमध्ये आहे. येणारा-जाणारा बघतो, विचारतो कोणी केलं."

"आम्ही नाव नाही सांगत," मी म्हटलं. ते त्यांना अजूनच लागलं.

रविवारी ते आले. मी त्यांना सरळ बाथरूममध्ये नेलं, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून पाइप काढून नळ सोडला, आणि म्हटलं, "दादा, एक विनंती होती. हे काम होत नाही असं सांगाल का?"

"कोणाला?"

"आईला."

"का होत नाही?"

"होतं. पण होत नाही असं सांगायचं. हे पक्कं झालं की ती उल्हासनगरला जाईल. तिथे एकटी राहील, आणि हातानेच भांडी घासेल."

दादा उलट्या बादलीवर बसले. "ताई," ते म्हणाले, "न होणारी कामं होतात असं मी आजवर पुष्कळांना सांगितलं. उलटं कधी कोणाला सांगितलं नाही. माझ्याच तोंडाने, मला जमत नाही?"

"जमत नाही म्हणू नका. सामान मिळत नाही म्हणा."

दादांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. "तुम्ही मायलेकींनी ठरवून केलंय का हे?"

"म्हणजे?"

"मावशींचा फोन आला होता काल. त्या म्हणाल्या, पोरीला सांग, दोन तोंडांचा नळ मार्केटमध्ये मिळत नाही. अहो, इथून स्टेशनपर्यंत प्रत्येक दुकानाच्या दारात टांगलाय तो नळ."

नळ वाहत होता. मी तो बंद केला.

"तुम्ही काय म्हणालात तिला?"

"म्हटलं, बघतो." ते उठले आणि वायरकडे बोट करून म्हणाले, "हे बघा. नळ राहू दे. पाइप राहू दे, मावशींनी बांधलाय तो माझ्या जॉइंटपेक्षा बरा दिसतो. पण वायर मी ओढणार. करंटशी मस्करी नाही. खटका पडतो म्हणून चाललंय, एखाद्या दिवशी नाही पडला तर?"

ते खरंच होतं. तिथे मी हट्ट केला नाही. दादांनी बोर्डापासून पट्टीतून जाड वायर आणली, मशीनसाठी वेगळा खटका बसवला. आता गिझर आणि मशीन एकदम चालू शकत होते. मग हात धुऊन हॉलमध्ये आले आणि अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मावशी, वायर झाली. पण नळ काही मिळत नाही मार्केटमध्ये. बनायचाच बंद झालाय."

"अरेरे," आई म्हणाली. तिला बऱ्याच दिवसांत एवढं प्रसन्न मी पाहिलं नव्हतं.

दादांच्या पिशवीतून त्या नळाची दोन्ही तोंडं बाहेर आली होती, नवी कोरी, चकचकीत. आईने ती पाहिली. मी आईला पाहताना पाहिलं. दादांनी पिशवी पायाने सोफ्याखाली सरकवली. आईने त्यांच्या हातात चहा दिला आणि बशीत बिस्किटं जरा जास्तच ठेवली.

ते गेल्यावर आईने मला हळूच विचारलं, "वायरचं जावयांना कळलं का?"

"नाही अजून. बाहेर गेलेत."

"मग राहू दे. त्यांच्या डोक्याला कशाला ताप."

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा टॉवेल घेऊन आला. आई स्टुलावर होती. "थांबा जरा," ती म्हणाली. तो थांबला. आई कुकरची शिट्टी बंद करायला आत गेली तेव्हा तो माझ्याजवळ आला.

"बोर्डात नवीन खटका दिसतोय."

"हो."

"म्हणजे आता दोन्ही एकदम चालतं."

"चालतं."

"मग मी का बसलोय?"

मी त्याला सगळं सांगितलं. त्याने टॉवेल या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला आणि जाऊन पुन्हा सोफ्यावर बसला. तेव्हापासून रोज बसतो. कामावर उशीर होऊ नये म्हणून आता तो लवकर उठतो, कारण वाट बघायलाही वेळ काढावा लागतो.

दाराजवळची निळी बॅग काही दिवस तशीच होती. मग एकदा मशीनसाठी मिठाच्या मोठ्या पिशव्या आणल्या. पाणी जड असेल तर मशीनला वेगळं मीठ लागतं. ते कुठे ठेवावं म्हणून आईने बॅग रिकामी केली, साड्या कपाटात लावल्या, मीठ आणि पावडर बॅगेत भरली आणि बॅग मशीनच्या बाजूला सरकवली. ती काय करते आहे हे मला दिसत होतं. मी पेपर वाचत राहिले.

परवा उल्हासनगरहून तिच्या जुन्या शेजारणीचा फोन आला. आई स्टुलावर बसून बोलत होती, फोन उजव्या हातात.

"येऊ कशी गं," ती म्हणत होती. "इथं मशीनवर दुसरा माणूस नाही." मग पलीकडचं ऐकून घेतलं, समोर टॉवेल घेऊन बसलेल्या माझ्या नवऱ्याकडे एक नजर टाकली आणि आवाज जरासा खाली आणला. "जावई? शिकतायत. हेल्परपर्यंत आलेत."